गंज नाही

काढलेला गुडघा बाबांनी मागून घेतला.
डॉक्टर अत्तरदे आधी हसले, मग निर्जंतुक करून
दोन पिशव्यांत घालून दिला.
भुसावळच्या लोको शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर असलेला माणूस
बल्बखाली धरून तो फिरवत राहिला.
नखानं खरवडला. कानाशी नेऊन टिचकी मारली.
'पाह्य वं कुमुद, गंज नाही. चीर नाही.
मंग बिघडलं कुठी?'

टाकीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळ धरते ना, बाबा, तसं.
कितीही औषध सोडा,
वरचं वाहून जातं, खालचं चिकटून राहतं,
आणि आपण पाठ फिरवली की वाढतं.
'मंग खोलाच लागते,' ते म्हणाले.
ऑपरेशन होऊन गेल्यावर
त्यांना ऑपरेशन समजलं.

रिपोर्टवर अकरा औषधं, नऊ जणांसमोर आर.
चष्मा लावून त्यांनी तो
मेगाब्लॉकच्या दिवशीच्या फलकासारखा वाचला:
ही रद्द. ही रद्द. ही पण रद्द.
दोनच चालू, त्यातली एक सलाइनमधून,
पॅसेंजरपेक्षा हळू, दीड तास.
घाईनं सोडली तर मान लालभडक
आणि सगळ्या अंगाला खाज.

सहा आठवडे.
कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली,
कॅलेंडर उशाशी, त्यावर मी खोडत जायचे
सकाळचे सात, संध्याकाळचे सात.
मे महिना. कूलरला दर दोन तासांनी बादली.
फ्रिजमध्ये कैऱ्या, विरजण, कुप्या.
गुडघ्याच्या जागी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा,
त्यातही औषध कालवलेलं.
सोमवारी जळगावला रक्त द्यायचं:
औषध किती उरलं, किडनी किती सोसते.
जंतूला पुरेल आणि बाबांना झेपेल
यांच्यामधली जागा
दोन रुळांच्या सांध्यातल्या फटीएवढी,
आणि ती फट उन्हात आवळत जाते
हे मला त्यांनीच लहानपणी दाखवलं होतं.

एका मंगळवारी माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला.
अर्ध्या पट्ट्या. लाल-पिवळ्या, निळ्या-पांढऱ्या.
दाढेच्या, तापाच्या, गळवाच्या.
पाच दिवसांच्या गोळ्या, दोन दिवस घेतलेल्या,
बरं वाटलं की बंद.
आईच्या खोकल्याच्या पट्टीत चार उरलेल्या,
आईला जाऊन सहा वर्षं झाली.
चाळीत कुणाला काही झालं
की बाबा यातलीच एक काढून देत.
यानंच झालं असं मी म्हटलं नाही.
डॉक्टरही म्हणाले नव्हते. तो जंतू कातडीवरून आला
की वॉर्डातून, कोण सांगणार?
डबा फक्त पलंगावर ठेवला.
ते बराच वेळ हातातल्या सुईकडे पाहत राहिले.

संध्याकाळी सुपडूकाका सपकाळे दारात.
'तोताराम, घसा धरला. ती पिवळी दे ना एखादी.'
बाबांचा हात डब्यावर.
थेंब पडत होते, मोजता येतील इतके.
'मिठाच्या पान्यानं गुळण्या कर.
नाही जमलं तं डॉक्टरले दाखव.'
'एका गोळीले नाही म्हनतो तू? मले?'
काका गेले. आठवडाभर फिरकले नाहीत.
डबा मी सोमवारी हॉस्पिटलात परत केला,
तिथल्या बाईंनी कुरकुरत ठेवून घेतला.

सहावा आठवडा संपला. आकडा उतरला,
पूर्ण नाही. अत्तरदे म्हणाले,
औषध थांबवून दोन आठवडे पाहू,
मग नव्या गुडघ्याचं बोलू.
मी बाटली काढली, कॅलेंडर लावायला गेले.
'ऱ्हाऊ दे खिळा रिकामा,' बाबा म्हणाले,
'ट्रायल बाकी हाये.'
कॅलेंडर उशाशीच राहिलं,
कूलरच्या वाऱ्यात पानं फडफडू नयेत म्हणून
त्यावर तो जुना गुडघा ठेवलेला.